प्रेमकवितेतला निसर्ग वाचताना या चुका टाळा

‘कवीने निसर्गप्रतिमांचा सुंदर वापर केला असून त्यामुळे प्रेमभावना अधिक उत्कट झाली आहे.’ इंग्रजी रोमँटिक कवितेवरच्या (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, भावना आणि कल्पनेला महत्त्व देणाऱ्या काव्यप्रवाहावरच्या) परीक्षेतल्या उत्तरांत हे वाक्य हमखास भेटतं. ते शेलीला चालतं, कीट्सला चालतं, बर्न्सलाही चालतं, आणि म्हणूनच ते तिघांपैकी कुणाबद्दलही काही सांगत नाही. या कवितांमधला निसर्ग कामाला लावलेला असतो. कुणाचं मन वळवायचं असतं, कुणाला शब्द द्यायचा असतो, कधी स्वतःचीच समजूत घालायची असते. ते काम ओळखण्याआधीच अर्थ लावायला बसलं की बहुतेक घोटाळे होतात.

अलंकार ओळखून मोकळं होणं

पर्सी शेलीची ‘लव्ह्ज फिलॉसफी’ घ्या. डिसेंबर १८१९मध्ये ली हंटच्या ‘इंडिकेटर’ या नियतकालिकात ती पहिल्यांदा छापून आली. दोन कडवी, सोळा ओळी. झरे नदीला मिळतात, नद्या समुद्राला, वारे एकमेकांत मिसळतात. जगात एकटं काहीच नाही, हा दैवी नियमच आहे, मग मीच तुझ्यापासून वेगळा का? पुढच्या कडव्यात डोंगर आभाळाचं चुंबन घेतात, लाटा लाटांना बिलगतात, ऊन पृथ्वीला कवेत घेतं, चांदणं समुद्राचं चुंबन घेतं. तू मला चुंबन देणार नसशील, तर या सगळ्याचा उपयोग काय?

इथे ‘चेतनगुणोक्ती’ असं लिहून पुढे जायची आपल्याला शाळेपासूनची सवय. नाव बरोबर आहे, पण ती सुरू कुठे होते ते पाहा. त्यासाठी फक्त क्रियापदं एका कागदावर उतरवून काढा. पहिल्या कडव्यात मिसळणं आणि भेटणं आहे. नदी समुद्राला खरोखरच मिळते, त्यावर कुणी वाद घालणार नाही. दुसऱ्या कडव्यात चुंबन आणि मिठी येते. डोंगर आभाळाला टेकलेला दिसतो, एवढंच खरं. चुंबन बोलणाऱ्याच्या मनातलं आहे. आधी पटणारी उदाहरणं द्यायची, समोरच्याने मान डोलावली की त्याच लयीत स्वतःची इच्छा निसर्गाच्या नावावर खपवायची, अशी ही युक्ती आहे. अलंकाराचं नाव लिहून थांबलात तर ही युक्ती निसटते, आणि माझ्या मते कवितेचा सगळा जीव तिच्यातच आहे.

दुसऱ्या कडव्यात मध्येच एक फूल येतं. बहीण-फुलाने भाऊ-फुलाला झिडकारलं, तर तिला क्षमा नाही. प्रेयसीशी बोलताना बहीण-भाऊ कशाला, असं मराठी वाचकाला खटकेल. पण तिथे न अडता ‘झिडकारणं’ आणि ‘क्षमा’ या दोन गोष्टी पाहा. नकाराची शक्यता सगळ्या कवितेत प्रतिमेच्या रूपाने फक्त इथे येते, आणि येताक्षणीच ती अपराध ठरते. क्षमा कोण करणार नाही, हे मात्र कुठेच सांगितलेलं नाही. इतक्या गोड कवितेत हा दबावही आहे. जिच्याशी बोलणं चाललं आहे, तिचा एकही शब्द आपल्या कानावर येत नाही.

बोलणाऱ्याचा दावा खरा मानणं

‘शेलीच्या मते निसर्गात सर्वत्र प्रेम आहे’ हा निष्कर्ष घाईचा आहे. हे म्हणणं कवितेतल्या प्रियकराचं आहे आणि तो सोयीची तेवढीच उदाहरणं निवडतो. १८१९मध्येच, फ्लॉरेन्सजवळ, शेलीने पश्चिम वाऱ्यावरची प्रसिद्ध ओड (वाऱ्याला उद्देशून लिहिलेली दीर्घ भावकविता) लिहिली. तिथला वारा पानं उधळून लावणारा, जुनं मोडणारा आणि बियाणं जपणाराही आहे. त्या वाऱ्याचा दाखला देऊन कुणी चुंबन मागू शकणार नाही. शिवाय प्रियकर ज्या ‘दैवी नियमा’चा हवाला देतो, तो लिहिणारा कवी नास्तिकतेवरच्या पत्रकापायी १८११मध्ये ऑक्सफर्डमधून काढला गेला होता.

एका हस्तलिखितात शेलीने ‘लव्ह्ज फिलॉसफी’ला अ‍ॅनाक्रिऑन या प्राचीन ग्रीक कवीच्या वळणाची म्हटलं आहे. त्या जुन्या ग्रीक परंपरेत मद्यपानाचं एक गीत आहे: धरती पाणी पिते, झाडं धरतीला पितात, सूर्य समुद्राला पितो, चंद्र सूर्याला पितो, मग दोस्तांनो, मी प्यायलो तर मलाच का अडवता? तर्काचा साचा हाच आहे. तो माहीत असला की प्रियकराच्या युक्तिवादातला खेळकरपणा ऐकू येतो. दबाव आणि खेळ दोन्ही एकाच वेळी धरून ठेवणारं वाचनच या कवितेला न्याय देतं.

गुलाब म्हणजे प्रेम, नदी म्हणजे जीवन

असा कोश मनात ठेवू नका. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स हा रोमँटिकांचा पूर्वसूरी. १७९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या गीतातला लाल गुलाब जूनमध्ये नुकताच उमललेला आहे. आपल्याला जून म्हटलं की पहिला पाऊस आठवतो; स्कॉटलंडमध्ये तो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा, फुलांचा महिना. म्हणजे गुलाब ताजा आहे, आणि थोड्या दिवसांचा आहे. त्याच गीतात पुढे समुद्र आटेपर्यंत, खडक उन्हाने वितळेपर्यंत प्रेम करीन असा शब्द दिला आहे. फुलाचं आयुष्य कुठे आणि खडकाचं कुठे! शेवटी कळतं की हा माणूस निरोप घेतो आहे, दहा हजार मैलांवरून परत येईन म्हणतो आहे. शपथ एवढी मोठी का, याचं उत्तर त्या निरोपात आहे. गुलाबाचा ठरलेला अर्थ तिथे काही कामाचा नाही.

नकार न दिसणं

कीट्सच्या ‘ब्राइट स्टार’वर ‘कवीला ताऱ्यासारखं व्हायचं आहे’ असं लिहिणारे पहिल्या ओळीवरच थांबलेले असतात. त्याला ताऱ्याचा अढळपणा हवा आहे, एकटेपणा नको. दुसऱ्या ओळीपासून आठवीपर्यंत तो नको असलेल्याच गोष्टीचं वर्णन करतो: न झोपणारा विरक्त तारा, किनारे धुणारं पाणी, डोंगरांवरचा ताजा बर्फ. कवितेतला सर्वांत देखणा निसर्ग या सात ओळींत आहे, आणि नवव्या ओळीच्या सुरुवातीला ‘नाही’ म्हणून कवी तो बाजूला सारतो. मग प्रेयसीच्या छातीवर टेकलेलं डोकं, तिच्या श्वासाची हालचाल. प्रत्येक प्रतिमेपुढे दोन रकाने करा, काय घेतलं आणि काय टाकलं. इथे कीट्सने ते स्वतःच करून दिले आहेत.

कीट्सची प्रेयसी फॅनी ब्रॉन, त्याचा क्षयरोग, १८२१मध्ये रोमला पंचविसाव्या वर्षी आलेला मृत्यू हे सगळं उत्तरात आणायचंच असेल, तर शेवटच्या, चौदाव्या ओळीपाशी आणा. तिथे मरण कवितेतच आहे: असंच कायम जगावं, नाहीतर या धुंदीतच जीव जावा. पहिल्या ओळीतल्या ताऱ्यावर ते लादलंत, तर नवव्या ओळीतला नकार वाचायचा राहूनच जाईल.