सरीत रडार भरून गेलं तर गेन खाली ओढू नका

ऑगस्टपासून बोटी बाहेर पडतात तेव्हा पाऊस काही संपलेला नसतो, म्हणून तांडेल मंडळींनी हे लक्षात ठेवाच. आपल्या ट्रॉलरवरचं रडार बहुतेक वेळा एक्स बँडचं, म्हणजे साधारण ३ सेंटीमीटरच्या लहरींचं, आणि या लहरी पावसाच्या थेंबांवरून पण परत येतात, त्यामुळे जोरदार सर आली की स्क्रीनवर मोठा डाग पसरतो आणि आतली होडी दिसेनाशी होते. (मोठ्या जहाजांवर १० सेंटीमीटरचं एस बँड पण असतं, त्याला पाऊस बराच कमी नडतो.) अशा वेळी घाईत गेन, म्हणजे रडारची एकूण संवेदनशीलता, कमी केला तर छोटी फायबरची होडी पण गायब! आधी रेन क्लटर (पावसाचा डाग कमी करणारं बटण) थोडं थोडं वाढवा, सर गेली की लगेच परत खाली.

लाटांचं वेगळं. वारा जिकडून येतो त्या बाजूला बोटीजवळ ठिपक्यांचा सडा जास्त पडतो. सी क्लटर (लाटांचे ठिपके कमी करणारं बटण) पूर्ण वाढवू नका, थोडे ठिपके राहू द्या आणि एकाच ठिपक्याकडे रडारच्या पाच-सहा फेऱ्या बघा, लाट असेल तर लुकलुकून जाते, होडी असेल तर टिकते.

आणि मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरची गरम कोरडी हवा समुद्रावर पसरली की लहरी वाकून फार लांब जातात, लांबचा किनारा जवळ असल्यासारखा दिसतो. शंका आली तर रेंज (रडार किती लांबपर्यंत दाखवतं ते) बदलून बघा, खोटा प्रतिध्वनी बऱ्याचदा जागा बदलतो किंवा जातो.