ऑक्झिनचा रस्ता: पुण्यात वनस्पतिसंशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.ला ऑक्झिनवर टीप लिहायची तर ‘वाढीचं संप्रेरक, शेंड्यात तयार होतं’ एवढ्यावर भागतं. पुण्यात पीएच.डी.ला लागल्यावर माझी वर्षं मात्र एकाच प्रश्नाभोवती गेली: ते कुठल्या पेशीतून कुठल्या पेशीत जातं, आणि दिशा कोण ठरवतं?

या विषयात येणाऱ्यांना मी आधी वही-पेन घेऊन सामूचं (पीएचचं) गणित करायला लावते. पेशीभित्तिकेत सामू साधारण 5.5, पेशीच्या आत 7. ऑक्झिन सौम्य आम्ल, पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) 4.75 च्या आसपास. म्हणजे बाहेर सुमारे 15 टक्के रेणू भाररहित असतात आणि पेशीपटलातून आपसूक आत शिरतात. आत प्रोटॉन सुटतो, ऋणभार येतो, भाररहित रेणू एक टक्काही उरत नाहीत. भारित रेणूंना पटल सहज ओलांडता येत नाही, म्हणून आता बाहेर पडायचं तर वाहक प्रथिनं हवीत. ही पिन प्रथिनं पेशीच्या ज्या बाजूला जमतात, ऑक्झिन त्याच बाजूने पुढे जातं. रुबेरी, शेल्ड्रेक आणि रेव्हन या संशोधकांनी हा तर्क 1974-75 मध्येच मांडला होता. त्यातल्या पिन1 या प्रथिनाचं जनुक हाती यायला 1998 उजाडलं! ते जनुक बिघडलेल्या अरॅबिडॉप्सिसचा (प्रयोगशाळांत नेहमी वापरलं जाणारं छोटं रोप) फुलोऱ्याचा दांडा फुलांविना बोडकाच वाढतो. मला आजही याचं नवल वाटतं.

प्रयोगशाळेत जागा मिळेपर्यंत हात बांधून बसू नका. फोडणीची मोहरी अरॅबिडॉप्सिसच्याच कुळातली. पारदर्शक डबीत ओल्या टिपकागदावर दाणे चिकटवा, डबी उभी करून अंधारात ठेवा. मुळं सेंटीमीटरभर वाढली की डबी काटकोनात फिरवा आणि तासातासाने फोटो काढा. काही तासांत टोकं खाली वळतात. मूळटोपीतले जड पिष्टकण नव्या तळाकडे घसरतात, पिन3 हे दुसरं पिन प्रथिन त्या बाजूला जमतं, खालच्या अंगाला ऑक्झिन वाढतं. मुळामध्ये जादा ऑक्झिन पेशींचं लांबणं रोखतं. वरचं अंग लांबत राहतं, म्हणून मूळ खाली वाकतं. खोडात हेच जादा ऑक्झिन वाढ वाढवतं, त्यामुळे ते वर वळतं. फोटोंवरून कोन मोजायला इमेजजे हे सॉफ्टवेअर शिका, फुकट मिळतं. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा अशा कोनांचा आलेख घेऊन मार्गदर्शकांना भेटलात तर बोलणं लगेच कामावर येतं.

विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था, आघारकर संशोधन संस्था, सगळीकडे जाऊन या. चर्चासत्रांना मागे बसून ऐका, शंका विचारा. प्रयोगशाळा निवडताना ग्रोथ चेंबरची (ठरावीक तापमानात रोपं वाढवायच्या कपाटाची) चौकशी जरूर करा. अरॅबिडॉप्सिसला बावीसेक अंश लागतात आणि पुण्याचा एप्रिल तुम्हाला ठाऊकच आहे. वीज गेली तर चेंबर जनरेटरवर चालतो का, हे तिथल्या सीनिअरना विचारा. बी ते बी एक पिढी दीड-दोन महिन्यांची. एका दुपारच्या उकाड्यात अख्खी पिढी हातची जाऊ शकते. नेट-जेआरएफ या संशोधनवृत्तीच्या परीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच धरा, कारण प्रयोग सुरू झाले की अभ्यासाला सलग वेळ मिळत नाही.