मनातल्या वर्गासाठी इंग्रजी पुस्तकं निवडताना

इंग्रजी साहित्याचा मनातला वर्ग आखायला बसलं की पहिली यादी हमखास वीसेक पुस्तकांची होते, आणि तीही सगळ्या कादंबऱ्यांची. ती बाजूला ठेवा आणि आधी पानांचा हिशोब करा.

वर्ग धरा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, निम्मी मुलं मराठी माध्यमातली. सत्र १५ आठवड्यांचं. चाचण्या, सुट्ट्या आणि गॅदरिंगमध्ये तीन जातात, उरतात १२. सवय नसलेला वाचक इंग्रजी कादंबरीची तासाला पंधराएक पानं वाचतो. घरी आठवड्याला चार तास वाचेल असं उदार मनानं धरलं तरी ६० पानं होतात, म्हणजे सत्रभरात ७२०. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' ही जाडजूड कादंबरी एकटीच हे सगळं गिळून बसेल, तेव्हा कितीही लाडकी असली तरी ती वगळा. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर'सुद्धा पाचशे पानांच्या आसपास जाते.

आता पुस्तकं सुटी सुटी न निवडता एकमेकांशी भांडणारी निवडा. सगळ्यात चांगली जोडी म्हणजे नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) आणि जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' (१८९९). दोन्ही मिळून तीनशे पानांच्या आत बसतात. शिवाय १९७५ साली अचेबेंनी एका व्याख्यानात कॉनरॅडवर वंशवादाचा थेट आरोप केला होता, त्यामुळे वर्गात वाद उकरून काढावा लागत नाही. क्रम मात्र उलटा ठेवा: अचेबे आधी, कॉनरॅड नंतर. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या गावातली पंचायत, लग्नं, रताळ्यासारख्या कंदांची पिकं हे सगळं वाचून झालेली मुलं कॉनरॅडच्या आफ्रिकेतल्या नदीकाठच्या नुसत्या हातापायांच्या, डोळ्यांच्या गर्दीकडे पाहून आपणहून विचारतात, 'ही माणसं बोलत का नाहीत?'

अचेबेंच्या कादंबरीत एक अडचण नेहमी येते. २५ पैकी पहिली १३ प्रकरणं गावातच जातात, मिशनरी दुसऱ्या भागात येतात. पहिल्या भागावर दोन आठवडे काढले की 'यात घडतच काही नाही' ही तक्रार येणारच, म्हणून तो दीड आठवड्यात उरका. पुस्तकाचं नाव आयरिश कवी येट्सच्या ज्या 'द सेकंड कमिंग' कवितेतून आलं, ती फक्त २२ ओळींची आहे. एक तास तिला द्या.

कॉनरॅडची अडचण वेगळी. थेम्स नदीतल्या बोटीवर मार्लो गोष्ट सांगतो आणि ती आपल्याला सांगतो दुसराच, निनावी माणूस. कोण बोलतंय हेच मुलांना कळत नाही. याची सवय मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ने लागते, कारण तिथेही वॉल्टन नावाच्या दर्यावर्द्याच्या पत्रांत व्हिक्टर आणि व्हिक्टरच्या कहाणीत त्याने घडवलेला प्राणी बोलतो. म्हणून मेरी शेलीला कॉनरॅडच्या आधी आणा. पण आवृत्ती ठरवून सांगा: १८१८ ची आणि लेखिकेने १८३१ मध्ये बदललेली, अशा दोन बाजारात फिरतात. पहिलीत एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण आहे, दुसरीत दत्तक घेतलेली अनाथ मुलगी. अर्ध्या वर्गाकडे एक आणि अर्ध्याकडे दुसरी असली की तास पानं शोधण्यातच जातो.

नाटकात 'मॅकबेथ' घ्या. 'हॅम्लेट' जवळजवळ दुप्पट लांब आहे. शिवाय शिरवाडकरांचं 'राजमुकुट' 'मॅकबेथ'वरूनच घेतलेलं, त्यामुळे एक प्रवेश दोन्हींतून समोरासमोर ठेवता येतो. समोरच्याच पानावर टिपा असलेली आवृत्ती निवडा; शेवटी टिपा असल्या की त्या कुणी उघडत नाही.

कवितेसाठी अरुण कोलटकरांची 'जेजुरी' (१९७६). ३१ कविता, ओळखीचं गाव, साधी वाटणारी इंग्रजी आणि त्यामागे भक्त की पर्यटक हा न मिटणारा प्रश्न. सत्राची सुरुवात हिच्यापासूनच करा, 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्यापासून नको. काळाच्या क्रमाने शिकवण्याचा हट्ट पहिल्या पंधरवड्यातच वर्ग रिकामा करतो.

आठवडे असे पडतात: 'जेजुरी' १, 'मॅकबेथ' २, 'फ्रँकेन्स्टाइन' ४, अचेबे ३, कॉनरॅड २. पानं साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे थोडी शिल्लक राहते. ती भरू नका.

यातलं एखादं बदलून तुमचं पुस्तक घालायचं असेल, तर ते तीन ठिकाणी उघडा आणि प्रत्येक पानावर असा एक प्रश्न लिहा, ज्याची दोन उत्तरं पुराव्यानिशी देता येतील. तीनपैकी दोनदा प्रश्न सुचला नाही तर ते पुस्तक घरी वाचायला उत्तम, वर्गासाठी नाही. मग किंमत पाहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे शेली, कॉनरॅड आणि येट्स फुकट उतरवून घेता येतात. अचेबे २०१३ मध्ये गेले, कोलटकर २००४ मध्ये. यांच्या प्रती विकतच घ्याव्या लागतील. ग्रंथालयात प्रत्येकी निदान चार प्रती आहेत का, हे यादी पक्की करण्याआधी विचारून घ्या.