नेव्हिअर-स्टोक्सची उकल असते का? अभ्यास करताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यात आमचा एम.एस्सी.च्या मुलामुलींचा अभ्यासगट भरतो. पावसाळा सुरू झाला की तिथे एक प्रश्न हमखास येतो: "सर, ज्या समीकरणांना उकल आहे की नाही हेच ठरलेलं नाही, त्यांच्या जोरावर हवामान खातं अंदाज देतं कसं?" ही समीकरणं म्हणजे नेव्हिअर-स्टोक्स: पाणी, हवा कशी वाहते ते सांगणारी. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्या एका वाक्यात तीन-चार चुका एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि त्या सुटल्याशिवाय या विषयातलं खरं सौंदर्य हाती लागत नाही.

सूत्र नाही म्हणजे उकल नाही, असं समजणं

उकल आहे हे सिद्ध करणं वेगळं आणि तिचं सूत्र लिहिता येणं वेगळं. सरळ गोल नळीतून संथ वाहणाऱ्या पाण्याचं सूत्र एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे: वेग मध्यभागी सर्वात जास्त, भिंतीशी शून्य, मधला आलेख परवलयाचा. अशी सूत्रं मोजकीच आहेत. पण सूत्र नसतानाही उकल आहे हे पक्कं सांगणारी प्रमेयं पुष्कळ आहेत.

मग अडलंय कुठे? क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं तो प्रश्न नेमका असा: तीन मितींत, न दबणाऱ्या श्यान (म्हणजे आतलं घर्षण असलेल्या) द्रवाचा आरंभीचा वेग गुळगुळीत असेल, कुठेही तुटक वा टोकदार नसेल, आणि बाहेरून कोणतंही बल नसेल, तर पुढे सर्व काळ तो वेग गुळगुळीतच राहतो का? थोड्या काळापुरतं उत्तर 'हो' आहे. आरंभीची हालचाल पुरेशी लहान असेल तर सर्व काळासाठी 'हो' आहे. दोन मितींत तर संपूर्ण 'हो' आहे. उरलेला भाग मात्र अजून उघडा आहे. म्हणून "काहीच माहीत नाही" हे वाक्य वहीतून खोडून टाका.

कोणतं समीकरण, हे न विचारणं

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी चूक ही. वाशीच्या खाडीची भरती-ओहोटी मोजणारा अभियंता सहसा पूर्ण नेव्हिअर-स्टोक्स सोडवत नाही. तो उथळ पाण्याची समीकरणं वापरतो. खोलीच्या मानाने लाटेची लांबी फार मोठी असली की ती चालतात. त्यांचं वागणं निराळंच आहे: श्यानता वगळली की गुळगुळीत लाटेचा पुढचा भाग मर्यादित काळात उभा कडा होऊ शकतो. तिथून पुढे उकल घ्यायची ती उडी असलेली, आणि अनेक शक्य उड्यांमधून योग्य ती निवडायला उडीपाशी ऊर्जा वाढता कामा नये अशी जादा अट लागते.

वातावरणाचंही तसंच. मोठ्या पल्ल्याच्या हालचालीसाठी जी 'प्रिमिटिव्ह' समीकरणं वापरतात, त्यांत उभ्या दिशेत दाब आणि हवेचं वजन यांचा समतोल धरलेला असतो. त्यामुळे दाबातला खरोखर अज्ञात भाग फक्त पृष्ठभागावरचा, म्हणजे दोनच चलांचा उरतो. काओ आणि टिटी या गणितज्ञांनी २००७ साली याच गोष्टीचा आधार घेऊन दाखवून दिलं की श्यानता पूर्ण असेल तर या त्रिमितीय समीकरणांना सर्व काळासाठी एकमेव, गुळगुळीत उकल असते. न दबणाऱ्या साध्या द्रवाचा प्रश्न सुटत नाही आणि पृथ्वीभोवतीच्या वातावरणाच्या मॉडेलचा सुटतो, हे पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही!

पण इथे घाई करू नका. त्याच समीकरणांतली श्यानता काढून टाकली तर मर्यादित काळात फुटणाऱ्या, म्हणजे वेग किंवा त्याचा चढउतार अनंताला नेणाऱ्या, उकली आहेत, हेही सिद्ध झालं आहे. शिवाय ठाण्यावर एखाद्या दुपारी कोसळणारा ढग काही किलोमीटरच रुंद असतो. त्याच्या आत उभा समतोल टिकत नाही, वाफेचं पाणी होताना उष्णताही बाहेर पडते. तिथे २००७ चं प्रमेय जसंच्या तसं लावता येत नाही.

कॉम्प्युटरने उत्तर दिलं, म्हणजे उकल आहे

हे स्वतः करून पाहा, कागद-पेन्सिल पुरेल. एका राशीच्या वाढीचा दर त्या राशीच्या वर्गाइतका आहे आणि सुरुवातीला ती १ आहे. खरी उकल काळ १ होताच अनंताला जाते; त्यापुढे ती नाहीच. आता ०.१ ची पायरी घेऊन साध्या ऑयलर पद्धतीने चाला: १, १.१, १.२२१, १.३७०... दहा पायऱ्यांनंतर, म्हणजे काळ १ ला, येतात सुमारे ६.१३. अकराव्या पायरीला सुमारे ९.८९. आकडे सभ्य, आलेख छान, कुठेही एरर नाही. आणि आपण उकल संपल्यानंतरच्या प्रदेशात फिरतोय.

यावर उपाय: पायरी निम्मी करा, पुन्हा निम्मी करा. उत्तर एका आकड्याकडे स्थिरावत असेल तर ठीक. काळ १ पाशी ते दर वेळी वाढतच जात असेल तर ती धोक्याची खूण आहे. उलट बाजूचा सापळाही असतो: पायरी फार मोठी घेतली तर चांगली उकलसुद्धा कॉम्प्युटरवर फुटते. दोष पद्धतीचा की समीकरणाचा, हे पायरी बदलल्याशिवाय कळत नाही. आणि आकडे स्थिरावले तरी तो पुरावा झाला, सिद्धता नव्हे.

ऊर्जा मर्यादित आहे, म्हणजे झालं

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी क्लेच्या बक्षिसाच्या प्रश्नाची सिद्धता पाठवतं, आणि बहुतेकांचा पाया हाच असतो. ऊर्जा वाढत नाही हे खरंच आहे; श्यानता ती खातच असते. पण हिशेब मांडून पाहा. एक भोवरा घ्या, त्याचा आकार निम्मा आणि वेग दुप्पट करा. समीकरणांची रचना अशी आहे की हीसुद्धा त्यांची उकलच होते, फक्त चौपट जलद घडते. तीन मितींत घनफळ एक-अष्टमांश झालं, वेगाचा वर्ग चौपट झाला. ऊर्जा उरली निम्मी. म्हणजे हालचाल लहान जागेत दाटत गेली, वेग वाढत गेला, तरी ऊर्जेचं बंधन तिला अडवत नाही. उलट ते सैल पडत जातं. दोन मितींत क्षेत्रफळ एक-चतुर्थांश आणि वर्ग चौपट, म्हणून ऊर्जा तेवढीच. दोन मितींत भोवऱ्याला ताणणारं पदही समीकरणातून गळून पडतं. म्हणून तिथली सिद्धता तिसऱ्या मितीत उचलून नेता येत नाही.

स्वतःची सिद्धता तपासायला एक कठोर कसोटी आहे. टेरेन्स टाओ यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नेव्हिअर-स्टोक्ससारखंच एक समीकरण बांधलं: त्यातलं अरैखिक पद एका खास रीतीने सरासरी काढून बदललेलं, पण ऊर्जेचा नियम तोच. त्याची उकल मर्यादित काळात फुटते. तुमचा युक्तिवाद त्या समीकरणालाही लागू पडत असेल, तर कुठेतरी चूक नक्की आहे. ती शोधा, शोधताना जे शिकाल ते अमूल्य आहे.

'आहे' आणि 'एकच आहे' यांची गल्लत

तळाला भोक असलेल्या बादलीतली पाण्याची उंची ज्या दराने घटते तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा टॉरिचेलीचा नियम. आता रिकामी बादली पाहून ती केव्हा रिकामी झाली ते सांगा. सांगता येत नाही, कारण मागच्या काळाकडे गेलं तर अनंत उकली आहेत आणि सगळ्या समीकरण तंतोतंत पाळतात.

लरे यांनी १९३४ साली तीन मितींत सर्व काळ टिकणाऱ्या 'वीक' उकली असतात हे सिद्ध केलं. तिथे प्रत्येक बिंदूवर वेगाचं अवकलन व्हावं असा आग्रह नसतो. समीकरण सरासरीच्या अर्थाने पाळलं गेलं की पुरे. ही उकल नेहमी असते, पण ती एकमेव आहे का? बकमास्टर आणि विकोल यांनी २०१९ मध्ये दाखवलं की आणखी सैल अर्थाने घेतलेल्या उकली एकमेव नसतात. अल्ब्रिटन, ब्रुए आणि कोलोम्बो यांनी २०२२ मध्ये खुद्द लरे यांच्या प्रकारातल्या उकलींसाठी तसं दाखवलं, पण बाहेरून खास निवडलेलं बल लावून. हा 'पण' गाळून निष्कर्ष सांगणं ही चूक सध्या सर्रास होते.

अंदाज चुकला, म्हणजे उकल नाही

ऑरेंज अलर्ट आला आणि येऊरचा डोंगरही कोरडा राहिला, याचा उकलीच्या अस्तित्वाशी संबंध जोडू नका. हवामानशास्त्रज्ञ लोरेन्झ यांची १९६३ ची तीन समीकरणं घ्या: उकल आहे, एकमेव आहे, सर्व काळ टिकते. तरीही आरंभीची अगदी बारीक चूक इतकी झपाट्याने वाढते की दूरचा अंदाज हातातून जातो.

आणि नवी सिद्धता आल्याची बातमी ग्रुपवर आली, तर आधी चार गोष्टी पाहा: मिती किती, श्यानता आहे की नाही, बाहेरचं बल शून्य आहे का, आणि द्रवाला अडवणारी भिंत आहे का. एल्गिंदी यांचा २०२१ चा गाजलेला निकाल श्यानता नसलेल्या ऑयलर समीकरणांचा आहे, आणि त्यात आरंभीचा वेगही पूर्ण गुळगुळीत नाही. मथळ्यात यातलं काहीच सापडणार नाही. शोधनिबंधाच्या पहिल्या प्रमेयात चारही सापडतील.