पीसी चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतोय? कॅबिनेटचं बटण तपासा

ऐरोलीत, ऐन पावसाळ्यात हे सुरू झालं. बटण दाबलं की पंखे फिरायचे, आरजीबीचे रंगीत दिवे लागायचे आणि चार-पाच सेकंदांत सगळं बंद. रॅम काढून पुसून लावली, सीमॉसचा, म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल बदलला, दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जोडला. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

दोष कॅबिनेटच्या पॉवर बटणात निघाला. ते दाबलेलंच राहत होतं, आणि हे बटण चारेक सेकंद दाबून धरलं की पीसी बंदच होतो.

आधी मेन स्विच बंद करा, डावं झाकण काढा. मदरबोर्डच्या खालच्या कडेला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, फ्रंट पॅनलच्या, म्हणजे कॅबिनेटची बटणं आणि दिवे जोडायच्या पिना असतात. तिथली ‘पॉवर एसडब्ल्यू’ची (पॉवर स्विचच्या वायरची) क्लिप उपसा. पिना मॅन्युअलमध्ये बघूनच ओळखा, बोर्डावरची अक्षरं फार बारीक असतात. मग वीज सुरू करून त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी चालू राहिला तर बटणच खराब. पुन्हा वीज बंद करून ‘रीसेट एसडब्ल्यू’ची क्लिप पॉवरच्या पिनांवर बसवा. दोन्ही स्विच एकाच जातीचे, क्लिप उलटी बसली तरी चालते. एलईडीच्या क्लिपला मात्र प्लस-मायनस सांभाळा.

आता रीसेटच्या बटणानेच पीसी चालू करतो.