मोस्कातो दास्ती: चव कशी घ्यावी, सोबत काय वाढावे

इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, आस्ती, कुनेओ आणि आलेस्सांद्रिया या जिल्ह्यांतील टेकड्यांवर, मोस्कातो बियांको जातीची सुवासिक द्राक्षे पिकतात. त्यांपासून दोन गोड, फसफसत्या वाइन बनतात आणि खरेदीच्या वेळी त्यांची गल्लत हमखास होते. ‘आस्ती’ किंवा ‘आस्ती स्पुमांते’च्या बाटलीला फुगीर डोक्याचे, तारेने जखडलेले बूच असते. ‘मोस्कातो दास्ती’चे बूच बहुधा साधे असते, तिचा फेस मवाळ असतो आणि मद्यार्काचे प्रमाण साधारण 5 टक्के, म्हणजे बिअरइतकेच, असते. जेवणासोबत मला ही दुसरी अधिक रुचते. पुढील कृती तिच्यासाठीच आहे.

तिच्या गोडीचे कारण आधी समजून घ्यावे. द्राक्षरस बंद टाकीत आंबत असताना मध्येच एकदम गार केला जातो आणि गाळून त्यातील यीस्ट काढून टाकले जाते. त्यामुळे द्राक्षाची स्वतःची साखर न आंबता मागे राहते, अनेकदा लिटरमागे 100 ग्रॅमहून अधिक, आणि आंबताना तयार झालेला वायू वाइनमध्येच कोंडला जातो. अशा दाबाच्या टाकीचे पेटंट आस्ती येथील फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 मध्ये घेतले होते.

बाटली घेताना लेबलवरचे वर्ष पाहावे आणि सर्वांत ताजे वर्ष निवडावे. ही वाइन मुरवत ठेवण्याची नाही. दोनेक वर्षांत तिचा पीच आणि संत्र्याच्या फुलांचा दरवळ ओसरतो आणि उरतो तो केवळ गोडपणा.

ती 8 ते 10 अंश सेल्सियसला प्यावी. फ्रिजमध्ये तीन तास पुरतात. घाई असेल तर बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात बाटली अर्धा तास बुडवावी, कारण नुसत्या बर्फाचे खडे काचेला सर्व बाजूंनी भिडत नाहीत. पेला ट्युलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता घ्यावा. पसरट वाटीसारखा जुना पेला दिसतो देखणा, परंतु त्यातून वास आणि बुडबुडे दोन्ही भराभर निघून जातात. पेल्याला साबणाचा अंश राहिला असल्यास फेस धरत नाही, म्हणून तो साध्या पाण्याने पुन्हा खळबळून घ्यावा.

पेला एक तृतीयांश भरावा आणि न हलवता आधी वास घ्यावा. वास वर आणण्याचे काम बुडबुडेच करतात. मग छोटा घोट जिभेवर क्षणभर धरावा. प्रथम गोडी लागते, लगेच जिभेच्या कडांना आंबटपणा जाणवून तोंडाला पाणी सुटते. गिळल्यावर तोंड स्वच्छ वाटले तर वाइन चांगली आहे. टाळूला चिकटा राहिला तर ती पुरेशी गार नाही किंवा जुनी झाली आहे.

सोबतच्या पदार्थासाठी एकच कसोटी लावावी: गोड पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असावा. एक घोट, एक घास, पुन्हा एक घोट, असे करून पाहावे. गुलाबजामाच्या घासानंतर हीच वाइन पाणचट लिंबूपाण्यासारखी लागते. तिचा दोष काहीच नसतो, पाकाने जीभ आधीच व्यापलेली असते. पिएमोंतेत तिच्यासोबत हेझलनटचा रवाळ, कमी गोड केक खातात, नाताळात पानेत्तोने, म्हणजे बेदाणे घातलेला उंच, फुगीर गोड पाव. आपल्या घरात नानकटाई, ओल्या नारळाची बेताची गोड करंजी किंवा पीच, पेअर यांच्या फोडी चालतील. गडद चॉकलेटला मात्र ती पुरी पडत नाही; त्यासाठी त्याच प्रांतातील लाल, गोड ब्राकेत्तो बरी.

खारट पदार्थांशी तिचे नाते अनपेक्षितरीत्या चांगले जुळते. गोर्गोन्झोला या निळ्या बुरशीच्या चीजचा खारटपणा तिची गोडी उठावदार करतो. तिखटाच्या बाबतीत, कडक मद्य मिरचीची आग वाढवते, तर येथे कमी मद्यार्क आणि साखर ती आग शमवतात. म्हणून मिरची-आल्याची कोळंबी चालेल, पण तांबड्या रश्श्यापुढे तिचा नाजूक वास टिकणार नाही.

उरलेली बाटली घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. फेस पूर्ण बसला असल्यास ती अंड्याचा पिवळा बलक आणि थोडी साखर यांसोबत मंद वाफेवर सतत फेटावी, म्हणजे झाबायोने हे मऊ, फेसाळ क्रीम तयार होते.