‘ॲन आयडियल हजबंड’ बसवताय? मग या चुका टाळा

ऑस्कर वाइल्डचं हे नाटक तालमीला घेतलं की पहिली कात्री सुएझच्या संवादांवर पडते. ‘एवढं राजकारण कोण ऐकणार?’ आमच्या अभिवाचनात आम्हीही तेच केलं, आणि दुसऱ्या अंकात लोक मोबाइल चाळू लागले. साहजिकच होतं. ऐन तरुणपणी नाटकाच्या नायकाने, सर रॉबर्ट चिल्टर्नने, मंत्रिमंडळातली बातमी फोडली होती: सरकार सुएझ कालव्याचे शेअर घेणार आहे. घोषणेच्या तीन दिवस आधी एका बॅरनला दिलेल्या या खबरीतून त्याला सुटले १,१०,००० पौंड. हा आकडा प्रेक्षकांच्या कानावर स्वच्छ पडला नाही, तर पुढचं ब्लॅकमेल म्हणजे नुसती बाईची कटकट वाटते. ३ जानेवारी १८९५ ला लंडनच्या हेमार्केट थिएटरात पहिल्या प्रयोगाला बसलेल्यांना हे सांगावं लागलं नसणार. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने १८७५ मध्ये इजिप्तच्या शासकाचे, खेदिवाचे, शेअर ४० लाख पौंडांना घेतले, त्याला वीसच वर्षं झाली होती. शिवाय हिंदुस्थानला यायचा जवळचा रस्ता म्हणून चिल्टर्न याच कालव्याची भलामण करतो. ते वाक्य आपल्याकडे तरी कापू नका.

चिल्टर्नला ब्लॅकमेल करणाऱ्या मिसेस शेव्हलीला सिनेमातली खलनायिका करू नका. अर्जेंटिनाच्या कालव्यात तिचा पैसा अडकलाय, त्यासाठी तिला चिल्टर्नकडून संसदेत एक भाषण हवंय. म्हणजे धंदा तोच, आणि गुरूही तोच बॅरन. चिल्टर्नला शेवटी मंत्रिपद मिळतं. ही मात्र चोरीच्या दागिन्यात सापडते. सापाच्या आकाराचा तो हिऱ्यांचा दागिना चिल्टर्नचा मित्र लॉर्ड गोरिंग तिच्या दंडावर चढवतो आणि तिला त्याची कळ सापडत नाही. इथे नटीला घाई करू देऊ नका, बोटं खरंच धडपडली पाहिजेत.

सगळ्यात मोठी फसगत लेडी चिल्टर्नची होते. तिला डोळ्यांत पाणी आणणारी पतिव्रता करून टाकतात. ही बाई स्त्रियांच्या लिबरल संघटनेत कारखाने कायदा, स्त्री-निरीक्षक, आठ तासांचा दिवस, मताधिकार यांवर बोलणारी! चौथ्या अंकात गोरिंग तिला ऐकवतो की पुरुषाच्या आयुष्याचं मोल बाईच्या आयुष्याहून जास्त, आणि थोड्याच वेळात ती जवळपास तेच शब्द नवऱ्यापुढे म्हणते. जुनाट म्हणून हे गाळायचा मोह होतो. गाळू नका, आणि गहिवरूनही म्हणवून घेऊ नका. गोरिंगचेच हेल, त्याच जागी थांबणं, एवढं पुरे. वाक्य कुणाचं आहे ते प्रेक्षक ओळखतात. वाइल्ड स्त्रीद्वेष्टा होता, असा शेराही यावरून मारू नका. स्त्रियांचं मासिक त्याने दोनेक वर्षं संपादित केलं होतं.

चिल्टर्नची बहीण मेबल आपोआप जमते. तिला आदर्श नवरा नकोच आहे.

राहिली लेडी चिल्टर्नने गोरिंगला लिहिलेली चिठ्ठी, जी शेव्हली चोरते. कागद गुलाबीच घ्या. आम्ही पांढरा वापरला, आणि शेव्हलीने टेबलावरून नेमकं काय उचललं ते तिसऱ्या रांगेपलीकडे कुणालाच कळलं नाही.